पाळकांची जागा

पप्पांच्या सिनेमांत सगळी माणसं समोर बघून बोलतात. नवरा-बायको भांडतात तेव्हा दोघंही आपल्याकडे बघतात. मुलगा घर सोडून जातो, तो आपल्याकडे बघत मागे मागे सरकत दाराबाहेर जातो. याचं कारण साधं होतं. पप्पांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. जन्मभर त्यांनी लोकांना एका स्टुलावर बसवलं, हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितली, केस मागे सारून दोन्ही कान दिसू द्यायला सांगितले आणि बटण दाबलं. सिनेमे करायला लागल्यावरही त्यांचा हात तसाच चालला. मरणाऱ्या म्हातारीचेही दोन्ही कान स्वच्छ दिसायचे.

हे सिनेमे आमच्या मंडळीसाठी, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांसाठी होते. मंडळी लहान, उपासनेची जागा म्हणजे एकेकाळचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम. पप्पा सुट्टीच्या दिवशी सिनेमे करत. नट सगळे मंडळीतलेच, हौसेचे. सकाळी आधी प्रार्थना, मग चहा, मग शूटिंग. जो मागेल त्याला काम द्यायचं असा रिवाज होता, त्यामुळे दोन खोल्यांच्या गरीब घरात एखाद्या लग्नाइतके नातेवाईक दाटीवाटीनं उभे असत. मात्र वाईट माणसाचं काम कोणी घेत नसे. दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेले शिंपीकाका प्रत्येक सिनेमात दारुडे होते. एकदा परगावच्या चर्चचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, पाहुणे म्हणून आले होते. सिनेमा संपल्यावर त्यांनी शिंपीकाकांना दारातच अडवलं, डोक्यावर हात ठेवला आणि त्यांची बाटली सुटावी म्हणून मोठ्यानं प्रार्थना केली. काका मान खाली घालून उभे राहिले आणि शेवटी आमेन म्हणाले. ‘‘एवढ्या मनापासून करत होते,’’ ते नंतर म्हणाले, ‘‘मध्येच नाही म्हणायला बरं दिसेना.’’

मी दुसऱ्या शहरात कॉलेजात साहित्य शिकवते. मुलांच्या हातात चांगली पुस्तकं द्यायची आणि ती चांगली का आहेत हे त्यांना पटवायचं, हे माझं काम. पप्पांचे सिनेमे मी सुट्टीत घरी आल्यावर बघत असे आणि प्रकाश छान आला आहे असं सांगत असे. प्रकाश खरंच छान असायचा. बाकीचं त्यांनाही ठाऊक होतं. ‘‘गोष्टीचं विचारू नकोस,’’ ते म्हणायचे. ‘‘गोष्ट आधीच लिहून झालेली असते. मी फक्त लोक उभे करतो.’’

गोष्ट आधीच लिहून झालेली असे, कारण सिनेमात पाळकांची जागा ठेवावी लागे. शेवटाच्या जरासं आधी चित्र थांबायचं. उघडं दार, किंवा आभाळ, किंवा एकमेकांत गुंफलेले हात. फ्यूजकाका, म्हणजे मंडळीतले वायरमन, ज्यांना या नावाखेरीज दुसरं नाव आहे हेच लोक विसरले होते, ते प्रोजेक्टरचं मशीन तसंच धरून ठेवत. मग पाळकसाहेब उठून पडद्याच्या उजेडात उभे राहत, चार शब्द बोलत, सगळ्यांना डोळे मिटायला सांगत आणि ज्यांना प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यांनी हात वर करावा असं म्हणत. हात मोजून झाले की ते फ्यूजकाकांकडे बघून मान हलवत आणि राहिलेला सिनेमा गाण्यासकट पुढे सरके. आता हात वर व्हायचे तर त्याआधी काहीतरी घडलेलं हवं. म्हणून जागा येण्यापूर्वी आजारी माणूस अंथरुणातून उठायचा, शिंपीकाका बाटली फोडायचे, मुलगा परत यायचा. सिनेमा कसा झाला असं कोणी विचारत नसे. हात किती आले, असं विचारत. बाहेरची माणसं क्वचितच यायची, त्यामुळे हात बहुतेक ओळखीचेच असत. ‘‘आपल्याकडे तीच माणसं दर वर्षी नव्यानं तारली जातात,’’ पप्पा म्हणायचे आणि आई त्यांना डोळ्यांनी दटावायची.

एका सिनेमात तापानं फणफणलेली मुलगी उठून बसते. तो दाखवून झाल्यावर लोक बाहेर चहा घेत होते, तेव्हा बेकरीवाल्या मावशी पप्पांजवळ आल्या. मावशींचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता. त्याचं दुखणं फार लांबलं होतं आणि मंडळीनं पाळ्या लावून प्रार्थना केल्या होत्या. मावशींच्या आवाजात तक्रार नव्हती. शेजारणीला पावाचं पीठ का फुगलं नाही असं विचारावं, तसं त्यांनी विचारलं, ‘‘भाऊ, आमच्याकडून काय कमी पडलं हो?’’

पप्पांनी मला हे फोनवर सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? म्हणाले, ‘‘चहा गार होतोय म्हणालो.’’

त्यानंतर बराच काळ त्यांनी सिनेमा केला नाही. मग त्यांच्याच फुप्फुसांचं दुखणं निघालं. मंडळीनं पुन्हा पाळ्या लावल्या. पप्पा प्रार्थनेला बसत, सगळ्यांचे आभार मानत, आणि त्याच दिवसांत त्यांनी फ्यूजकाकांना कॅमेरा घेऊन घरी बोलावलं. एक माणूस आजारी पडतो, त्याच्यासाठी लोक मनापासून प्रार्थना करतात, तो मरतो, दुसऱ्या दिवशी त्याची बायको उठून कामाला लागते. एवढीच गोष्ट होती. आजाऱ्याचं काम शिंपीकाकांना दिलं होतं, पण ते खोकायचे ते दारुड्यासारखं.

‘‘तू खोटं खोकतोस,’’ पप्पा म्हणाले. ‘‘ऊठ. माझा खोकला फुकट चाललाय.’’

आणि ते स्वतःच त्या पलंगावर झोपले. बायकोच्या कामासाठी त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, मला नाही जमणार असलं काही. पप्पा म्हणाले, ‘‘काही करायचं नाहीये. रोज करतेस तेच कर.’’

मी लांब रजा काढून आले तेव्हा शूटिंग झालं होतं. घेतलेल्या तुकड्यांची जोडणी मी केली. स्टुडिओच्या मागच्या खोलीत निळा पडदा गुंडाळून उभा केलेला होता आणि त्याच्याशेजारी घडीच्या खाटेवर पप्पा पडलेले असत. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून मी कॉम्प्युटरपुढे बसायची आणि ते सांगायचे. मला वाटलं होतं, मला त्यांना आवरावं लागेल. झालं उलटंच.

‘‘हे काढ.’’

‘‘का? चांगलं आहे की.’’

‘‘मी फार छान कण्हतोय. काढ.’’

थोड्या वेळानं, ‘‘ती मान हलवतोय ना, तीही काढ. नाटकी वाटतं.’’

‘‘पप्पा, सगळंच काढलं तर उरेल काय?’’

‘‘बघू ना काय उरतं.’’

उरलं तेही फारसं चांगलं नव्हतं, हे मला लिहिलं पाहिजे. शिंपीकाका आता डॉक्टर झाले होते आणि समोर बघून बोलत होते. प्रार्थनेच्या प्रसंगात अर्धी मंडळी खोलीत कोंबली होती आणि मागच्या रांगेतला एक माणूस आपण दिसतोय ना याची खात्री करत होता. संवाद पप्पांचे, म्हणजे सूचनाफलकावर लावता येतील असे. पण शेवटचा शॉट वेगळा होता. त्यात आई पाठमोरी आहे. पप्पांनी जन्मात कधी कुणाचा पाठमोरा फोटो काढला नव्हता. मोरीपाशी उभी राहून ती औषधाचा पेला धुते, पालथा घालते. मग जरा थांबते, तोच पेला पुन्हा उचलते आणि पुन्हा धुते. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. मग नळ बंद करून ती नुसती उभी राहते. पाठ दिसते, पदर खोचलेला दिसतो. बराच वेळ तसंच, आणि पडदा काळा होतो.

मी तो शॉट पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रडू आलं. मी जे शिकवते त्यातल्या कितीतरी नावाजलेल्या गोष्टींमध्ये मला हे सापडलेलं नाही, एवढं मनात आलं. पप्पा खाटेवरून माझ्याकडे बघत होते.

‘‘चालेल?’’

‘‘चालेल,’’ मी म्हणाले. मग विचारलं, ‘‘जागा कुठे ठेवू?’’

‘‘नाही ठेवायची.’’

‘‘मग पाळकसाहेब उभे कुठे राहणार?’’

‘‘बसू दे त्यांना. बसून पूर्ण बघितलेला नाही त्यांनी माझा एकही सिनेमा.’’ हसताना त्यांना खोकला आला. ओसरल्यावर म्हणाले, ‘‘बेकरीवाल्या वहिनींना दाखव हा. बाकी कोणी बघो न बघो. त्यांना सांगायचंय मला की काही कमी पडलं नाही.’’

‘‘तुम्हीच दाखवा की.’’

‘‘बरं,’’ म्हणाले.

आवाज थोडा सारखा करायचा राहिला होता. तो मी अंत्यविधी झाल्यानंतर केला.

पाळकसाहेब घरी येत राहिले. ते चांगले गृहस्थ आहेत. शेवटच्या दिवसांत त्यांनी पप्पांचे पाय चेपले होते, आणि हे मंडळीत कोणाला माहीत नाही. एका संध्याकाळी त्यांनी विषय काढला, की भाऊंच्या आठवणीत त्यांचा शेवटचा सिनेमा उपासनेनंतर दाखवू. मी हो म्हणाले. मला तेच हवं होतं. पप्पांनी जसा ठेवला तसा, एकदा, भरल्या सभागृहात, आणि तिथे मावशी असाव्यात. त्या दिवसांत दुसरी कुठलीच इच्छा माझ्यात शिल्लक नव्हती.

‘‘शेवटी जागा असेल ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही. त्यांनी ठेवलेली नाही.’’

‘‘ठेवली असेल. तुझ्या लक्षात आलं नसेल, बाळा. तू दुःखात होतीस.’’

‘‘जोडणी मीच केलीय, पाळकसाहेब. त्यात तो माणूस मरतो आणि सिनेमा तिथेच संपतो.’’

त्यांनी चहाचा कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, ‘‘बघू आपण.’’

मावशींना बोलवायला मी बेकरीत गेले. त्या काउंटरमागे कागदी पिशव्या उलगडून ठेवत होत्या. मी म्हणाले, पप्पांनी खास तुमच्यासाठी केलाय. त्यांचे हात क्षणभर थांबले. ‘‘माझ्यासाठी कशाला?’’ म्हणाल्या. मग, ‘‘येईन हो. भाऊंचा आहे म्हटल्यावर येणारच.’’

सभागृह भरलं होतं. खिडक्यांना काळे कपडे लावले होते. पप्पा गेल्यामुळे एरवी सिनेमाला न येणारेही आले होते. आई पहिल्या रांगेत पाळकांच्या बायकोशेजारी बसली. मी मागे, फ्यूजकाकांच्या टेबलाशेजारी. मावशी मधल्या वाटेच्या कडेला बसल्या होत्या, मला त्यांचा अंबाडा दिसत होता.

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर पप्पा आले तेव्हा सभागृहातून एक हुंकार उठला. ‘‘किती वाळले होते हो,’’ माझ्यापुढची बाई कुजबुजली. शिंपीकाका डॉक्टर होऊन आले तेव्हा कोणीतरी हसलं आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणालं, याच्याकडून औषध घ्यायचं म्हणजे बघ. लोक चुळबुळत होते, पण ती नेहमीची, सुखाची चुळबुळ होती. पुढे काय होणार हे त्यांना माहीत होतं. प्रार्थनेचा प्रसंग आला. पलंगाभोवती मंडळी उभी राहिली. आपापले चेहरे ओळखून लोक सरसावून बसले.

‘‘आता उठतील बघ,’’ पुढची बाई म्हणाली.

नेमक्या त्या वेळी मावशी उठल्या. पर्स छातीशी धरून, वाकून, कोणाच्या आड येणार नाही अशा बेतानं त्या वाटेवरून मागे आल्या आणि माझ्या अंगावरून बाहेर गेल्या. मी अर्धी उठले. पण अजून तो पेल्याचा शॉट यायचा होता आणि मी तिथून हलू शकले नाही.

पडद्यावरचा माणूस मेला. हे दाखवताना पप्पांनी फक्त पलंग दाखवला होता, चादर घडी करून ठेवलेली. सभागृहाला ते कळलं नाही. त्यांना वाटलं, तो बरा होऊन बाहेर गेला. पुढच्या बाईनं खरंच समाधानाचा सुस्कारा टाकला. मग मोरी आली. आईची पाठ. पेला. पुन्हा पेला. लोक दाराकडे बघत होते, म्हणजे सिनेमातल्या दाराकडे, की तिथून पप्पा आत येतील. आई नळ बंद करून उभी राहिली. पडदा काळा झाला.

कोणी हललं नाही. पंखे फिरत होते.

‘‘लाइट गेली का?’’

‘‘नाही, पंखे चालू आहेत की.’’

‘‘मग मशीन अडकलं असेल.’’

फ्यूजकाकांनी मशीनला थोपटलं, वायर काढून पुन्हा खोचली. तो शॉट त्यांनी स्वतः घेतला होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘काका, राहू द्या. संपलाय.’’

‘‘संपेल कसा?’’ ते वायर चाचपत म्हणाले. ‘‘भाऊ उठले कुठे अजून?’’

मी उभी राहिले. अंधारात मोठ्यानं सांगितलं, ‘‘सिनेमा संपला आहे. पप्पांनी एवढाच केलाय.’’ काही माथी माझ्याकडे वळली. पुढच्या बाईनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. तिच्या हातात माया होती. ‘‘बस गं पोरी,’’ म्हणाली. ‘‘करतायत ते नीट. तू नको त्रास करून घेऊस.’’

मग पाळकसाहेब उठले. पडदा काळा असल्यामुळे त्यांच्यावर उजेड नव्हता, नुसता आवाज आला. म्हणाले, यंत्र माणसाचं असतं, ते बिघडतं. पण भाऊंनी शेवट काय केला असेल हे आपल्याला ठाऊक नाही का? आणि त्यांनी तो सांगायला सुरुवात केली. पहाट होते. खिडकीतून ऊन येतं. तो माणूस डोळे उघडतो, आधी एक पाय खाली ठेवतो, मग दुसरा. मोरीपाशी उभ्या असलेल्या बायकोला मागून पावलं ऐकू येतात. ती वळते. पाळकसाहेबांना बोलण्याचं अंग आहे. त्यांनी त्या शॉटमधल्या आईलाही घेतलं, तिच्या थांबण्याला कारण दिलं. सभागृहात लोक रडत होते. मी ज्या जागी रडले होते तिथे कोणी रडलं नव्हतं. आता सगळे रडत होते.

हात इतके वर झाले की पाळकसाहेबांनी मोजणं सोडून दिलं.

लोक बाहेर पडू लागले तेव्हा मी त्यांना दारापाशी गाठलं. ‘‘मी तुम्हाला सांगितलं होतं. जागा नाही म्हणून.’’

‘‘हो.’’

‘‘मशीन बिघडलं नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं.’’

त्यांनी रुमालानं मान पुसली. फार थकलेले दिसत होते. ‘‘माहीत होतं,’’ म्हणाले. ‘‘पण एवढी माणसं अंधारात बसली होती, बाळा. कोणीतरी उठायला हवं होतं.’’

मावशी आवारातल्या कट्ट्यावर बसल्या होत्या. घरी गेल्या नव्हत्या. मी शेजारी बसले. मला वाटलं होतं त्या रडत असतील, पण त्या चिडल्या होत्या.

‘‘मला तसं बाहेर यायला नको होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बघवेना.’’

‘‘शेवट बघायला हवा होता, मावशी. शेवट तुमच्यासाठीच होता.’’

‘‘काय होतं शेवटी?’’

‘‘तो बरा होत नाही.’’

‘‘हां. मग ते मला दाखवून काय करायचं होतं भाऊंना?’’

‘‘त्यांना सांगायचं होतं, की तुमच्याकडून काही कमी पडलं नव्हतं.’’

आतून लोक खुर्च्या घडी करत असल्याचे आवाज येत होते. ‘‘हे बघ, तू शिकलेली आहेस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते मरणं मी घरात बघितलंय. उशाशी बसून बघितलंय. त्यासाठी मला गोदामात यायची गरज नाही. मी इथे येते ते उठलेलं बघायला. कुणाचं का होईना. खोटं असतं ते मला काय कळत नाही? पण तेवढा वेळ बरं वाटतं. तेही काढून घेतलंत, तर मी बेकरी बंद करून जाऊ कुठे?’’

मी त्यांना सांगू शकले असते, की खऱ्या गोष्टीपाशी बसून राहिलं की माणसाला एक वेगळंच बळ येतं. वर्गात मी हे दर वर्षी सांगते. त्या कट्ट्यावर ते वाक्य मला उच्चारता आलं नाही, कारण मला स्वतःला कसलंही बळ आलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांना इतर मंडळ्यांचे फोन आले. बातमी पसरली होती. त्यांना तो सिनेमा हवा होता, शेवटासकट. पाळकसाहेबांनी मला काही म्हटलं नाही. मला विचारलं ते आईनं.

आम्ही दोघी स्टुडिओ आवरायला गेलो होतो. ती स्टुलाचं कव्हर काढत होती. ‘‘फ्यूज सांगत होता,’’ ती म्हणाली, ‘‘त्याच्याकडे यांचं उठण्याचं आहे.’’

‘‘कसलं उठण्याचं?’’

‘‘पलंगावरून. शूटिंगच्या वेळचं. चादर बाजूला करून बसतात बघ, हसतात.’’

मला तो तुकडा माहीत होता. टाकून दिलेल्या भागांत होता. पप्पा डोळे मिटून पडलेले असतात, मग एकदम उठून बसतात आणि फ्यूजकाकांना म्हणतात, अरे तो दिवा हलव, माझ्या नाकाची सावली भिंतीवर पडतेय, मी मेल्यावर लोक नाकच बघत बसतील. आणि हसतात. मागे आईच्या हसण्याचाही आवाज आहे.

‘‘ते तो दिवा हलवायला सांगतायत, आई.’’

‘‘मला काय सांगतेस? मी तिथेच होते.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. उठलेत ना.’’

मी म्हणाले, त्यांनी शेवट विचार करून तसा ठेवला होता. त्यांना जागाच नको होती. मी त्यांच्या खाटेपाशी बसून ते ऐकलंय. तो शेवट काढला तर उरलेल्या सिनेमात त्यांचं असं काहीच राहत नाही. माझा आवाज चढला होता. आईनं कव्हर घडी करून स्टुलावर ठेवलं.

‘‘त्या शेवटात ते आहेत का?’’ तिनं विचारलं.

‘‘म्हणजे?’’

‘‘कोण आहे त्यात? मी आहे. पाठ करून उभी. तेव्हा ते आत पलंगावर होते, जिवंत. मी पेला धुता धुता विचार करत होते, की एक दिवस असंच उभं राहायचंय. ते सगळ्या गावांना दाखवणार तू?’’ ती थांबली. ‘‘तुला तो शॉट फार आवडतो, माहीत आहे मला. पण तो माझा आहे. मला नको आहे तो.’’

मी पुस्तकांत शोधलं असतं तर कदाचित या युक्तिवादाला एखादं उत्तर सापडलं असतं. मी फ्यूजकाकांना फोन केला.

काम सोपं निघालं. सकाळी बसले आणि जेवायच्या आत झालं. प्रार्थनेच्या प्रसंगानंतर पलंग, पलंगावर पप्पा, मग ते उठून बसतात. आवाज काढून टाकला. दिवा, नाक, सावली, सगळं गेलं. त्याजागी मंडळीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग घातलं. ओठ हलताना दिसत होते, पण गाण्याखाली ते प्रार्थना केल्यासारखे वाटले. त्यांचं हसू पूर्ण उमललं तिथे चित्र थांबवलं आणि तसंच जरा लांबवलं, फ्यूजकाकांना मशीन धरता येईल इतकं. आईचा शॉट काढला. पूर्ण बघितलं तेव्हा मला दिसलं, की सिनेमा आधीपेक्षा जास्त जमून आला आहे. आधी तो दोन तुकड्यांचा होता, एक पप्पांच्या नेहमीच्या हाताचा आणि एक कुठून आला कोण जाणे असा. आता तो एका माणसानं केल्यासारखा दिसत होता. परीक्षक म्हणून मला तो बरोबर ठरवावा लागला असता.

मूळ शेवट माझ्याकडे वेगळा ठेवलेला आहे. तो बघायला मागणारं कोणी नाही. मीही पुन्हा उघडलेला नाही. घरी आई मोरीपाशी जाते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते.

सिनेमा आधी आमच्याच सभागृहात पुन्हा दाखवला, मशीन दुरुस्त झालं म्हणून. मावशी आल्या आणि या वेळी आईशेजारी बसल्या. मी त्या दोघींच्या मागे होते. पप्पा उठले तेव्हा सभागृहानं टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी ओरडलं नाही. एक मोठा श्वास सुटला, एवढंच. चित्र थांबलं. पाळकसाहेब उजेडात जाऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून पप्पा हसत होते, अर्धे उठलेले, एक हात चादरीवर.

डोळे मिटायला सांगितल्यावर मी मिटले नाहीत. मावशींचा हात आधी वर गेला. मग आईनं पदर सावरला आणि हात वर केला. तिनं आजवर कधी केला नव्हता. पप्पांच्या कुठल्याच सिनेमाला नाही. घरचाच माणूस, म्हणून ती नेहमी खुर्च्या लावायला मागे थांबायची. आता तिचा हात सरळ वर होता, बोटं ताठ, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखी.

फ्यूजकाका मशीनवर हात ठेवून वाट बघत होते. जोवर पाळकसाहेब मान हलवत नाहीत तोवर चित्र सुटणार नव्हतं.

पाळकसाहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली आणि थांबली.

‘‘कोणी राहिलंय का?’’ त्यांनी हळूच विचारलं. ‘‘घाई नाही. आपण थांबू.’’